सलाइनची बाटली: स्वादुपिंडातली गाठ, कॅन्सर आणि टीबी

प्रश्न इंदूरच्या सुदामा नगरमधून आला आहे. थोडक्यात असा: ‘माझे धाकटे दीर ४१ वर्षांचे, पीथमपूरला कारखान्यात सुपरवायझर. दोन महिन्यांत नऊ किलो वजन उतरलं. संध्याकाळी अंगात कसकस, पोटाच्या वरच्या भागात दुखणं, आणि गेले पंधरा दिवस कावीळ. बिलिरुबिन ११.४. सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या डोक्यात ३.४ सेंटिमीटरची गाठ, शेजारी लिम्फ नोड. सीए १९-९, ती कॅन्सरच्या संशयासाठीची रक्ततपासणी, आली १६८. सर्जन म्हणतात कॅन्सरच दिसतोय, पुढच्या बुधवारी व्हिपल ऑपरेशन करून स्वादुपिंडाचं डोकं काढून टाकू. नात्यातले एक डॉक्टर म्हणतात टीबी असू शकतो, आधी एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू करून बघा. घरात दोन तट पडलेत. सासूबाई जेवत नाहीत. आम्ही काय करावं?’ सोबत त्यांनी सीटीचा रिपोर्ट उतरवून पाठवला आहे.

ताई, आधी सासूबाईंना चार घास खाऊ घाला. बुधवारची तारीख म्हणजे लग्नाचा मुहूर्त नव्हे. आठवडाभर पुढे गेली म्हणून काही हातचं जात नाही. अपवाद एकच, तो मात्र घरात सगळ्यांना सांगून ठेवा. कावीळ असताना दिरांना हुडहुडी भरून ताप आला, तर पित्तनळीत जंतुसंसर्ग झालाय असं समजायचं आणि सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठायचं. संध्याकाळची कसकस वेगळी, दातावर दात वाजवणारी थंडी वेगळी.

मी दिरांना तपासलेलं नाही, फिल्म पाहिलेल्या नाहीत. तेव्हा हा कॅन्सर आहे की टीबी, हे इथे बसून सांगणार नाही. पण रिपोर्ट तुम्ही शब्दशः उतरवलात ते फार बरं केलंत. त्यात शेवटाकडे दोन ओळी आहेत, ज्यांच्याकडे घरात कुणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही. एक, शेजारच्या नोडच्या ‘मध्यभागी नेक्रोसिस’ आहे, म्हणजे नोडचा गाभा मरून मऊ पडलाय. दुसरी, ‘स्वादुपिंडाची मुख्य नळी फुगलेली नाही’. या दोन ओळींवरून माझं मत असं: ऑपरेशनच्या आधी सुईने नमुना घ्यावा, आणि नमुना निघेपर्यंत एकेटीची एकही गोळी पोटात जाऊ नये. सर्जन आणि नात्यातले डॉक्टर, दोघांनाही हे एकदमच लागू.

आता कारणं. स्वादुपिंड, आपल्याकडच्या हिंदी कागदांत अग्न्याशय, हे जठराच्या मागे, कण्याला टेकून आडवं पडलेलं असतं. त्याचं डोकं ड्युओडेनमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या वळणाच्या, कवेत बसतं आणि यकृताकडून येणारी पित्तनळी त्या डोक्यातून खाली उतरते. तिथे काहीही वाढलं की नळी चेपते. डोळे पिवळे, लघवी काळ्या चहासारखी, शौच मातकट पांढरी, अंगाला खाज. काय वाढलंय याच्याशी नळीला देणंघेणं नसतं. कॅन्सर असो, टीबीची गाठ असो, जुन्या सुजेचा घट्टा असो, कावीळ तीच. वजन सगळ्यांतच उतरतं, भूक सगळ्यांतच मरते. संध्याकाळचा ताप आणि रात्रीचा घाम टीबीच्या बाजूने बोलतात, चाळिशीचं वय थोडंफार बोलतं, पण चाळिशीतही स्वादुपिंडाचा कॅन्सर होतो आणि मी तो पाहिलाय.

सर्जनना मी दोष देणार नाही. त्यांच्या घाईमागे पक्का हिशेब आहे. स्वादुपिंडाचा कॅन्सर सापडतो तेव्हा पाचातल्या जेमतेम एका रुग्णात तो काढण्याजोगा असतो. त्यामुळे काढता येईल अशी गाठ दिसली की ‘आधी काढा, मग तपासा’ हा जगभरचा मान्य शिरस्ता आहे. सुईच्या तपासणीवर त्यांचा फारसा भरवसा नसतो तोही उगाच नाही. या कॅन्सरभोवती नारळाच्या काथ्यासारखं चिवट तंतूंचं जाळं असतं. सुई कधी कधी नुसत्या त्या काथ्यातून फिरून येते आणि रिपोर्ट येतो ‘कॅन्सरपेशी आढळल्या नाहीत’. दहा रुग्णांत एक-दोनदा असं होतं. मग तो कोरा कागद घेऊन घरचे आनंदाने परत जातात आणि चार महिन्यांनी वेळ निघून गेल्यावर येतात. असे चार रुग्ण पाहिलेला सर्जन सुईचं नाव काढलं की भुवया उंचावणारच.

पण हा शिरस्ता नेहमीसारख्या दिसणाऱ्या गाठीसाठी आहे. नेहमीची गाठ कशी असते? डोक्यातला कॅन्सर बहुधा नळीच्या अस्तरातूनच उगवतो, म्हणून तो पित्तनळीबरोबर स्वादुपिंडाची नळीही दाबतो. सीटीवर दोन्ही नळ्या फुगलेल्या दिसतात, आम्ही त्याला डबल डक्ट म्हणतो. आणि मागचं स्वादुपिंड सुकून बारीक झालेलं असतं. तुमच्या दिरांची गाठ ३.४ सेंटिमीटरची, पित्तनळी चेपलेली, आणि स्वादुपिंडाची नळी मात्र सरळ, जणू तिला काही खबरच नाही. एवढी मोठी गाठ नळीला न दुखावता बसली असेल, तर ती नळीतून उगवलेली नसून बाहेरून, शेजारच्या नोडमधून आत सरकलेली असू शकते. टीबीत हे बऱ्याचदा दिसतं. नोडचा कडा उजळ, मध्य काळा, हेही. पुरावा म्हणून दोन्ही गोष्टी अपुऱ्या आहेत, कॅन्सरचे नोडही मधून मरतात, लिम्फोमातही, म्हणजे लिम्फ नोडच्या कॅन्सरमध्येही, स्वादुपिंडाची नळी शाबूत राहते. पण एवढ्यावर थांबून विचारायला जागा नक्की आहे.

एक गैरसमज इथेच काढतो. गाठीने पोर्टल व्हेनला, म्हणजे यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेला, विळखा घातलाय, म्हणजे कॅन्सरच आणि तोही हाताबाहेरचा, असं सर्रास सांगितलं जातं. टीबीची गाठही शिरांना असा विळखा घालते. ‘ऑपरेशन होणार नाही, घरी न्या, सेवा करा’ असं सांगून पाठवलेले आणि नमुना कधीच न घेतलेले रुग्ण मला जास्त अस्वस्थ करतात. ऑपरेशन झालं तर निदान काढलेला तुकडा तपासला तरी जातो.

टीबी स्वादुपिंडात मुळात दुर्मीळच. जगातले जवळजवळ चौथाई टीबीचे रुग्ण भारतात असूनही मालवा-निमाडातल्या कित्येक फिजिशियननी आयुष्यात एकही असा रुग्ण पाहिलेला नसतो. १९४४ साली अमेरिकेत ऑस्कर ऑअरबाख यांनी, सगळ्या अंगात टीबी पसरून मेलेल्या २९७ जणांची शवविच्छेदनं मांडली; त्यांत स्वादुपिंड धरलेलं होतं फक्त १४ जणांत. शरीरभर जंतू फिरत असतानाही ही ग्रंथी बहुतेक वेळा सुटते. तिच्या पाचक रसांतली एन्झाइम जंतूंना टिकू देत नाहीत, असं मानतात. पोटातला टीबी सहसा लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावर, पोटाच्या पडद्यावर आणि लिम्फ नोडमध्ये बसतो. म्हणून दिरांच्या सीटीत आतड्याचा तो उजवा कोपरा जाडसर आहे का, पोटात थोडं पाणी आहे का, प्लीहेत बारीक ठिपके आहेत का, हे रेडिऑलॉजिस्टला मुद्दाम विचारा. ‘टीबी डोक्यात ठेवून पुन्हा एकदा बघाल का’ एवढंच म्हणायचं. दुसऱ्यांदा पाहताना दिसतं असं पुष्कळदा झालंय. छातीचा एक्स-रे काढाच, पण तो स्वच्छ आला म्हणून टीबी बाद होत नाही. पोटाच्या टीबीत तो बऱ्याचदा स्वच्छच असतो. आणि एचआयव्हीची तपासणी, न लाजता.

सीए १९-९ बद्दल फार घाबरलेल्या दिसता. त्याची वरची मर्यादा ३७ धरतात, तुमचं १६८. पण पित्त तुंबलं की हा आकडा कशानेही वर जातो, साध्या खड्यानेसुद्धा. बिलिरुबिन ११ असताना काढलेलं सीए १९-९ म्हणजे धो धो पावसात टाकीची पातळी मोजण्यासारखं. कावीळ उतरल्यावर पुन्हा काढा, मग त्या आकड्याशी बोलू. उलट बाजूने, शंभरातल्या पाच-दहा माणसांचं शरीर हा पदार्थ बनवतच नाही, त्यांना कॅन्सर असला तरी आकडा नॉर्मल येतो. रक्तातून टीबीचं निदान करून देतो म्हणणारं एखादं ‘टीबी आयजीजी’ तुमच्या फायलीत कुणी घुसडलं असेल, तर ते बाजूला ठेवा. अशा किटवर सरकारने २०१२ च्या जूनमध्ये बंदी घातली आहे. मॉन्टू, ती हातावर टोचून करायची टीबीची चाचणी, आपल्या देशात अर्ध्या गल्लीची उठते, तिच्यावरही काही ठरत नाही.

आता सुई. एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड, बोली भाषेत ईयूएस. दुर्बीण तोंडातून जठरात आणि पुढे ड्युओडेनममध्ये जाते; तिच्या टोकाला सोनोग्राफीचा छोटा प्रोब असतो. बाहेरून पोटावर सोनोग्राफी करताना मध्ये गॅस, चरबी, आतडी येतात. इथे गाठ आणि प्रोब यांच्यात आतड्याची भिंत तेवढी. पडद्यावर करड्या रंगात गाठ दिसते, बाजूने वाहणारी शीर दिसते, आणि सुई सरकते ती पांढऱ्या चकचकीत रेघेसारखी. सुई २२ किंवा २५ गेजची, म्हणजे रक्त काढायच्या सुईच्या आसपासची. गुंगीचं औषध दिलेलं असतं, अर्ध्या-पाऊण तासाचं काम. रात्रीपासून उपाशी यावं लागतं. हे मुद्दाम लिहितो, कारण एक गृहस्थ ‘नुसते पोहेच खाल्लेत, जिलबी नाही’ म्हणून आले होते आणि त्यांचं काम दुसऱ्या दिवसावर ढकलावं लागलं. इंदूरकराला सकाळी पोह्यांशिवाय राहायला सांगणं हीच या तपासणीतली सगळ्यात अवघड गोष्ट असावी.

‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ हे घरातलं कुणीतरी म्हणेलच. डोक्यातल्या गाठीला सुई ड्युओडेनममधून जाते, आणि पुढे व्हिपल झालंच तर ड्युओडेनमचा तो भाग गाठीबरोबर कापून निघतो. सुईचा मार्गच शरीरात उरत नाही. स्वादुपिंडाच्या मधल्या भागातल्या किंवा शेपटीकडच्या गाठीत जठराच्या भिंतीत पेशी सांडल्याच्या तुरळक नोंदी आहेत, तिथे सर्जन विचार करतात. तुमच्या बाबतीत तो मुद्दा गौण.

आणि आता ती बाटली, जिच्यासाठी मी एवढं लिहायला बसलो.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. देवासकडची तिशीतली बाई, अशीच गाठ, अशीच कावीळ. दुसऱ्या एका ठिकाणी सुई झालेली. रिपोर्ट: ‘ग्रॅन्युलोमा आढळले, टीबीशी सुसंगत, कल्चरशी पडताळावे’. ग्रॅन्युलोमा म्हणजे सुजेच्या पेशींच्या बारीक गाठी; कल्चर म्हणजे नमुन्यातला जंतू लॅबमध्ये वाढवून पाहणं. मी कल्चर मागवलं, तर ते पाठवलेलंच नव्हतं. ट्रेमध्ये फक्त फॉर्मेलिनची बाटली होती, सगळा नमुना तीत गेला. फॉर्मेलिनमध्ये पेशींचा आकार जपला जातो, पण जंतू मरतो. मेलेल्या जंतूचं कल्चर होत नाही, आणि फॉर्मेलिनमधला नमुना जीनएक्स्पर्टला, म्हणजे टीबीच्या जंतूची जनुकं शोधणाऱ्या मशिनला, लॅब सहसा घेत नाही. बाईंना पुन्हा उपाशी ठेवून, पुन्हा गुंगी देऊन, पुन्हा सुई लावावी लागली. दुसऱ्या वेळी निघालं ते मला अजून आठवतं: सुईतून काचेवर उतरला तो पिवळट पांढरा, भुसभुशीत, बांधून ठेवलेल्या चक्क्यासारखा गोळा. नुसत्या दिसण्यावर निदान ठरत नाही, पण माझ्या नर्सने न सांगता दुसरी बाटली उघडली होती. तेव्हापासून आमच्या ट्रेमध्ये कायम दोन बाटल्या असतात. एकीत फॉर्मेलिन, दुसरीत साधं निर्जंतुक सलाइन, आणि सलाइनच्या बाटलीवर जाड मार्करने ‘टीबी’.

तेव्हा ईयूएस करणाऱ्या डॉक्टरांना आधीच, दुर्बीण आत जाण्यापूर्वी, सांगा: सुईचे एक-दोन पास, म्हणजे फेऱ्या, पॅथॉलॉजीला, एक पास सलाइनमध्ये. त्या सलाइनमधून जीनएक्स्पर्ट आणि टीबीचं कल्चर, दोन्ही. जीनएक्स्पर्ट मशिनला दोनेक तास लागतात, आणि रिफाम्पिसिनला जंतू दाद देतो की नाही तेही कळतं. कल्चरला सहा आठवडे लागू शकतात, पण जंतू जिवंत हातात आला की कुठलं औषध चालतं ते सगळं तपासता येतं. मोठा नोड सुईच्या टप्प्यात असेल तर त्याचाही नमुना. अनुभव असा की नोड गाठीपेक्षा जास्त बोलका निघतो. काचेवर लाल रंगाने जंतू दिसावा अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. पोटातल्या नमुन्यात जंतू फार थोडे असतात आणि ती तपासणी बहुतेकदा निगेटिव्ह येते. जीनएक्स्पर्टही निगेटिव्ह येऊ शकतं. चक्क्यासारखा मेलेला गाभा असलेले ग्रॅन्युलोमा, सीटीचं चित्र आणि माणूस, तिन्ही मिळून ठरवायचं असतं.

नमुन्याआधी कुठलीही अँटिबायोटिक मेडिकलवाल्याकडून आणू नका. विशेषतः लेवोफ्लॉक्सासिन. ती टीबीच्या जंतूवरही अर्धवट काम करते, ताप दोन दिवस उतरतो, कल्चर कोरं येतं आणि आम्ही अंधारात.

क्रमही महत्त्वाचा. कावीळ उतरवायला पित्तनळीत स्टेंट, म्हणजे ती मोकळी ठेवणारी बारीक पोकळ नळी, घालतील. जमलं तर आधी ईयूएस, मग स्टेंट, बऱ्याच ठिकाणी एकाच गुंगीत दोन्ही उरकतात. स्टेंट आधी पडला की पडद्यावर त्याची सावली पडते आणि भोवतालची सूज गाठीत मिसळते. निदान हातात नसताना न झाकलेला धातूचा जाळीदार स्टेंट घालू देऊ नका. तो भिंतीत रुततो आणि पुन्हा काढता येत नाही. प्लास्टिकचा चालेल, पूर्ण झाकलेला धातूचा चालेल. प्लास्टिकचा तीनेक महिन्यांनी बदलावा किंवा काढावा लागतो, ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. विसरलेला स्टेंट स्वतःच रोग होतो.

निमाडातल्या एका शाळामास्तरांची गोष्ट सांगतो, मग व्हिपलबद्दल. सर्जन उत्तम, हात स्वच्छ. पावणेसात तास ऑपरेशन चाललं. स्वादुपिंडाचं डोकं, ड्युओडेनम, पित्ताशय, पित्तनळीचा खालचा भाग आणि जठराचा तुकडा काढून तीन नवे जोड घातले. ऍलन व्हिपल यांनी १९३५ साली मांडलेली शस्त्रक्रिया थोड्याफार फरकाने आजही तीच आहे. बाराव्या दिवशी हिस्टॉलॉजीचा कागद आला: टीबी. मास्तर वाचले. पण स्वादुपिंडाच्या जोडातून महिनाभर गळती होती, पोटात नळी घेऊन घरी गेले, आणि आता आयुष्यभर इन्शुलिन आणि पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल. सहा महिन्यांच्या गोळ्यांनी जाणारा आजार होता. कॅन्सर समजून केलेल्या व्हिपलमध्ये शंभरातले पाच-दहा कागद असे ‘कॅन्सर नाही’ म्हणून येतात, त्यांत टीबी थोडे, जुनी सूज आणि ऑटोइम्यून पॅन्क्रिआटायटिस, म्हणजे शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने आणलेली स्वादुपिंडाची सूज, जास्त. (हा शेवटचा आजार स्टिरॉइडने विरघळतो, म्हणून काही जण ‘स्टिरॉइड देऊन बघू’ म्हणतात. टीबी बाद केल्याशिवाय दिलेलं स्टिरॉइड टीबीला रान मोकळं करतं.)

आता नात्यातल्या डॉक्टरांकडे वळतो, कारण त्यांचा सल्ला मला सर्जनच्या सल्ल्यापेक्षा जास्त धोक्याचा वाटतो. तो गोड आहे, त्यात कापाकापी नाही, आणि घरातल्या सगळ्यांना तोच ऐकायचाय. माझ्याकडे एक निवृत्त बँक अधिकारी आले होते, एकेटीचा चौथा महिना चालू असताना. नमुना कुणी घेतलाच नव्हता. ‘वजन वाढत नाही, पण धीर धरा’ असं सांगत सांगत चार महिने गेले. आल्या दिवशी यकृतात पाच गाठी होत्या. पहिल्या सीटीत काढता येईल असा कॅन्सर होता. फुप्फुसाच्या सावलीवर ‘एकेटी देऊन बघू’ ही आपल्याकडची जुनी खोड आहे, स्वादुपिंडात ती परवडत नाही.

समजा नमुन्यात टीबी निघाला. मग सहा महिन्यांचा कोर्स: पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, एथॅम्ब्युटॉल ही चारही, पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून तीन. वजनाप्रमाणे एकत्र गोळ्या, रोज. यातल्या पहिल्या तिन्ही यकृताला त्रास देतात, म्हणून बिलिरुबिन ११ असताना कोर्स दणक्यात सुरू करायचा नसतो; स्टेंटने पित्त मोकळं करून बिलिरुबिन उतरू द्यायचं, फारच तातडी असली तर तोवर यकृताला न लागणारी औषधं द्यायची. पहिले दोन महिने यकृताच्या तपासण्या वारंवार. रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते. कावीळ झालेल्या माणसाच्या घरात त्यावरून रात्री बाराला फोन येतात, म्हणून आताच सांगतो: लघवीकडे नाही, डोळ्यांच्या पांढऱ्या भागाकडे पाहा. औषधं सरकारी केंद्रात फुकट मिळतात, आपल्याकडे मनोरमाराजे टीबी हॉस्पिटल आहेच, एमआरटीबी म्हटलं की रिक्षावाला नेऊन सोडतो. निक्षयवर, म्हणजे सरकारच्या टीबी पोर्टलवर, नोंद करणं खासगी डॉक्टरांनाही २०१२ पासून बंधनकारक आहे, आणि नोंद झाली की पोषणासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात येतात. मध्यमवर्गीय घरात हे घ्यायला लाज वाटते. घ्या, त्याची अंडी-पनीर आणा.

दोन महिन्यांच्या सुमारास पुन्हा सीटी. गाठ लहान झालेली दिसायला हवी. मधल्या काळात एखादा नोड तात्पुरता वाढतो, टीबीत तसं होतं. पण गाठ तशीच राहिली किंवा वाढली तर ‘औषधाला वेळ द्या’ म्हणत बसायचं नाही, पुन्हा सुई लावायची. कॅन्सरच्या शेजारीही कधी कधी ग्रॅन्युलोमा बनतात, आणि एकाच माणसाला दोन्ही असणं अशक्य नाही.

टीबीशिवाय आणखी दोन जंतू हा वेश घेतात, थोडक्यात सांगतो. ऍक्टिनोमायकोसिस: नावात ‘मायकोसिस’ असलं तरी ही बुरशी नाही, आपल्या तोंडात, हिरड्यांत राहणारा जीवाणू आहे. जुना स्टेंट, आधीचा पॅन्क्रिआटायटिस किंवा पोटाचं ऑपरेशन असलेल्यांत तो कधीमधी स्वादुपिंडात घर करतो आणि लाकडासारखी टणक गाठ बनवतो, जी एका अवयवाची हद्द ओलांडून दुसऱ्यात शिरते. कॅन्सरही नेमकं तेच करतो. नमुन्यात मोहरीपेक्षा बारीक पिवळे कण दिसले तर पॅथॉलॉजिस्ट ओळखतो, पण सुईत ते कण येतीलच असं नाही; ऑपरेशननंतर कळलेले रुग्ण बरेच. हवेशिवाय वाढणारा जंतू, म्हणून कल्चर वेगळं मागावं लागतं. उपचार साधा पेनिसिलिन, फक्त लांबलचक: आधी काही आठवडे शिरेतून, मग सहा ते बारा महिने गोळ्या.

दुसरा मेलिओइडोसिस. ओल्या मातीतला, भातशेतीतला जंतू, मधुमेह असलेल्यांना पावसाळ्यात गाठतो. हा मुख्यतः दक्षिणेच्या किनाऱ्याचा आजार समजला जायचा, पण भोपाळच्या एम्समधून मध्य प्रदेशातले रुग्ण नोंदले गेले आहेत. यकृत-प्लीहेत आणि क्वचित स्वादुपिंडात फोड करतो, लॅब त्याला स्यूडोमोनास नावाचा साधा जीवाणू समजून चुकते, आणि टीबी समजून एकेटी दिली तर काही उपयोग होत नाही. दिरांना साखर असेल किंवा बालाघाटसारख्या भाताच्या मुलखात जाणं-येणं असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला. नसेल तर हा परिच्छेद विसरून जा.

आणि नमुन्यात कॅन्सर निघाला तर? मग सर्जन बरोबर होते, आणि तुम्ही आठवडाभराच्या बदल्यात खात्रीने ऑपरेशनला जाताय. त्या वेळी पुन्हा ‘पण टीबी असता तर’ असं म्हणायचं नाही. अवंतिका एक्स्प्रेसने मुंबईला टाटा कॅन्सर हॉस्पिटलात दुसरं मत घ्यायला जायचं असेल तर जा, पण पॅथॉलॉजीच्या स्लाइड आणि ब्लॉक सोबत न्या, नुसता कागद नेलात तर तिथे पहिली तपासणी पुन्हा तीच. आणि ऑपरेशन कुठेही करा, तिथे वर्षाला किती व्हिपल होतात हे तोंडावर विचारा. चांगले सर्जन या प्रश्नाने रागावत नाहीत.

नमुना कोराच आला, ना कॅन्सर ना टीबी, तर एकदा पुन्हा सुई. दुसऱ्यांदाही कोरा आला आणि गाठ संशयास्पदच दिसत असेल, तर मी स्वतः तुमच्या सर्जनच्या बाजूने उभा राहीन.

सर्जनना उद्याच भेटा, आणि दिरांना आत घेऊन जा, बाहेर बसवून ठेवू नका. ४१ वर्षांच्या माणसाला आपल्या पोटात काय चाललंय ते कळायला हवं. ‘तुमच्यावर विश्वास नाही’ असा सूर लागू देऊ नका. ‘डॉक्टर, नळी फुगलेली नाही आणि नोड मधून मेलाय, तर ऑपरेशनआधी ईयूएस करून घेतलं तर तुमची हरकत आहे का?’ एवढंच विचारा. माझ्याकडे यायचं ठरलं तर रिपोर्टचे मोबाइलवरचे फोटो नकोत, सीटीची सीडी घेऊन या. आणि दिरांना उपाशी आणा.